गणवेश परत करताना तिला कुणी काही विचारलं नाही

ब्रिटनमधल्या सर्व मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि इथे मुलं वाढवणारे आईबाबा यांना,

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी इंग्लंडमधल्या एका पोलीस दलात साडेतीन वर्षं कॉन्स्टेबल होती. गेल्या वर्षी तिनं नोकरी सोडली. गणवेश जमा करायच्या दिवशी मीच गाडी चालवली, कारण बॅग जड होती आणि तिला एकटीला जायचं नव्हतं. बूट, टोपी, दोन जाकिटं, चाकूपासून वाचवणारं जाड बंडीसारखं कवच, हातकड्या. स्टोअरमधल्या माणसानं यादीवर एकेक खूण केली, सही घेतली. पंधरा मिनिटांत ती परत आली. मी विचारलं, "साहेब भेटले का? का सोडतेस, असं कुणी विचारलं?" तिनं पट्टा लावला आणि म्हणाली, "नाही गं आई. चल."

यंदा गणपतीत आमच्या हॉलबाहेर पोलीस भरतीचं टेबल मांडलं होतं. पत्रकं, पेनं, लहान मुलांना घालून बघायला हेल्मेट. आरतीनंतर माईकवरून आवाहन झालं की आपल्या मुलांनी पोलिसात गेलं पाहिजे. मला ते मनापासून पटतं. पण आत गेलेल्या मुलांचं पुढे काय होतं, किती टिकतात आणि का निघतात, याबद्दल त्या टेबलावर एक अक्षर नव्हतं. आपल्याला पाणी भरायला बोलावताहेत, तर रांजण कुठे फुटलाय हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. म्हणून हे पत्र.

आधी आपल्या घरातलं बोलते.

ती भरती झाली तेव्हा आमच्या घरात कुणी पेढे वाटले नाहीत. तिचे बाबा दोन दिवस गप्प होते, आणि मग म्हणाले, "रात्री दारुड्यांना उचलायला एवढं शिकवलं का?" मी त्यांना अडवलं नाही, कारण माझ्याही मनात तेच होतं. खरं तर माझे सख्खे मामा साताऱ्याला हवालदार होते. सुट्टीत त्यांच्याकडे गेलो की खुंटीवरच्या टोपीला हात लावायची आम्हाला परवानगी नसे, इतका त्या टोपीचा मान. आजही सातारा, बीड, जालना, कुठेही पहाटे चार वाजता बाहेर पडा, रस्त्यावर मुलंमुली भरतीसाठी पळताना दिसतील. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, मग गोळाफेक, मग लेखी. निवड झाली तर गावात मिरवणूक निघते. त्याच मातीतून आलेले आपण इथे आलो की डॉक्टर, आयटी, अकाउंटन्सी यांच्या पलीकडे बघत नाही. पोलीस म्हटलं की "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये" हे आठवतं, आणि वर असंही वाटतं की हे पोलीस काही आपले नव्हेत.

हा विरोध जुना आहे आणि त्यानं एका बाईचा जीवही घेतलेला आहे. 1971 मध्ये करपाल कौर संधू लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांत दाखल झाल्या. ब्रिटनमधल्या त्या पहिल्या आशियाई महिला पोलीस. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर 1973 मध्ये, त्यांच्या नवऱ्यानं त्यांचा खून केला. बायकोनं ही नोकरी करणं त्याला मान्य नव्हतं. आपल्या घरांत असं टोक गाठलं जात नाही, हे मला माहीत आहे. पण मुलीला स्वतःच्याच घरातून पाठबळ मिळत नाही हे दुःख तेच आहे, आणि ते मी माझ्या मुलीला दिलं.

मग माझं मत कशानं बदललं? तिच्या दुसऱ्या वर्षातल्या एका रात्रीनं. नाव, गाव, तारीख तिनं कधीच सांगितली नाही, सांगायचीही नसते. शेजाऱ्यांनी फोन केला होता. दार नवऱ्यानं उघडलं, छान इंग्रजीत सांगितलं की काही नाही, जरा आवाज चढला. बायको मागे उभी राहून "फाईन, फाईन" एवढंच म्हणत होती. तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र माझ्या मुलीला दिसलं. तिला स्वयंपाकघरात नेऊन माझी मुलगी म्हणाली, "ताई, मी मराठी आहे. बोला." ती बाई आधी नुसती रडत राहिली. मग बोलली. व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर, पासपोर्ट त्याच्या कपाटात, तक्रार केली तर आपल्यालाच परत पाठवतील आणि माहेरी तोंड दाखवता येणार नाही ही भीती. फोनवर दुभाषी मिळतो, मिळायलाच हवा. पण तो येईपर्यंत दार बंद झालेलं असतं. दारात उभं राहून, त्या काळ्या मण्यांवरून, उघड्या ठेवलेल्या गॅसवरून, बाईच्या न बोलण्यावरून काय चाललंय ते ओळखणारं माणूस त्या रात्री केवळ योगायोगानं ड्यूटीवर होतं.

असा योगायोग किती दुर्मीळ आहे, ते आकड्यांत पाहा. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधले 18.3 टक्के लोक गोरेतर होते. पोलिसांत हे प्रमाण 2007 साली 3.9 टक्के होतं, 2020 मध्ये 7.3 आणि 2023 मध्ये 8.4. लंडन शहरात 46 टक्के लोक गोरेतर, आणि त्यांच्या मेट्रोपॉलिटन पोलीस दलात 2023 साली दर शंभर अधिकाऱ्यांमागे 82 गोरे. यातला 2020 ते 2023 हा काळ विशेष लक्षात घ्या. 2019 पासून सरकारनं 20 हजार जादा पोलीस भरण्याची मोहीम चालवली, ती मार्च 2023 मध्ये पूर्ण झाली. एवढी मोठी भरती पिढीत एकदाच होते. त्या संधीचं सोनं व्हायला हवं होतं. प्रमाण वाढलं ते सुमारे एका टक्क्यानं.

आणि हे कुणाला आज कळलंय असंही नाही. 1981 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात दंगल झाली, त्यावरच्या लॉर्ड स्कारमन यांच्या अहवालानं त्याच वर्षी सांगितलं होतं की पोलीस दल समाजासारखं दिसलं पाहिजे. 22 एप्रिल 1993 ला लंडनच्याच एल्टममध्ये बसस्टॉपवर उभ्या असलेल्या 18 वर्षांच्या स्टीफन लॉरेन्सला गोऱ्या टोळक्यानं भोसकून मारलं. पोलिसांनी तपासाची वाट लावली. त्याचे आईवडील, डोरीन आणि नेव्हिल, थांबले नाहीत म्हणून चौकशी झाली आणि फेब्रुवारी 1999 मध्ये मॅकफर्सन अहवालानं मेट्रोपॉलिटन पोलिसांत संस्थात्मक वंशवाद, म्हणजे एखाद्दुसऱ्या माणसात नव्हे तर दलाच्या कारभारातच मुरलेला वंशवाद, असल्याचं लिहिलं. दोघांना शिक्षा व्हायला 2012 साल उजाडलं. त्या अहवालानंतर गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी दहा वर्षांचं उद्दिष्ट ठरवलं: 2009 पर्यंत देशभरात 7 टक्के. ते गाठलं गेलं नाही. आज तुमच्या-माझ्या मुलांना पोलीस ठाण्यात जे काही संरक्षण आहे, तक्रारीचा जो काही मार्ग आहे, तो एका कृष्णवर्णीय आईनं मुलाच्या मरणातून मिळवून दिलेला आहे. आपल्या बैठकांत कधी "तो प्रश्न काळ्यांचा, आपला नाही" असं बोललं जातं. मीही ऐकून घेतलंय. कृपा करून यापुढे ऐकून घेऊ नका.

आता मुलीनं नोकरी का सोडली, ते.

तिला कुणी शिवी दिली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण वंशवाद म्हणजे रस्त्यात कुणीतरी ओरडणं एवढंच आपण समजतो. तिचं नाव तीन अक्षरांचं, सोपं. पहिल्या आठवड्यात ते कापून एका अक्षराचं झालं. कुणीही सावळं माणूस ठाण्यात आलं की हाक तिला, मग ते पंजाबी असो, सिल्हेटी बोलणारं असो की तमिळ. "तुमचंच ना" असं म्हणून. कागदपत्रांत चूक झाली तर सोबतच्या मुलाला सार्जंट बाजूला घेऊन समजावणार, हिची नोंद होणार. एकदा भर पाळीत एक जण सहज म्हणाला, "तुला काय काळजी, तुझ्यासारख्यांचा आकडा भरायचाय त्यांना." ती त्याच परीक्षेला बसली होती, ज्या परीक्षेला तो बसला होता. तितकीच धावली होती. त्याच मुलाखतीतून आली होती.

तिनं घरी फोन केला. आणि मी काय म्हणाले? "दुर्लक्ष कर बाळा. आधी कायम होऊ दे." प्रोबेशनची ती वर्षं मी तिला दर वेळी हेच सांगत राहिले. दुर्लक्ष कर. आपण किती पिढ्या मुलींना हे सांगत आलोय? सासरी दुर्लक्ष कर, ऑफिसात दुर्लक्ष कर. तिनं ऐकलं, आणि दर फोनला ती थोडी कमी बोलायला लागली.

कायम झाल्यावर एकदा मात्र तिनं लेखी तक्रार केली. त्यानंतर पाळीतली माणसं तिच्याशी वाईट वागली नाहीत, फक्त बोलायची थांबली. ज्या कामात रात्री दोन वाजता अंधाऱ्या जिन्यात मागे उभा असलेला माणूस आपल्यासाठी धावून येईल यावर जीव अवलंबून असतो, तिथे अबोला म्हणजे काय, याचा विचार करा. चौदा महिन्यांनी तक्रारीचं उत्तर आलं: पुरेसा पुरावा नाही. सहा आठवड्यांनी तिनं राजीनामा लिहिला.

हे एका दलातलं, एका मुलीचं. पण मार्च 2023 मध्ये लुईस केसी यांचा मेट्रोपॉलिटन पोलिसांवरचा अहवाल आला, तेव्हा आम्ही दोघी तो रात्रभर वाचत बसलो होतो. सारा एव्हरार्ड या तरुणीला एका पोलिसानंच पळवून ठार मारल्यानंतर ही चौकशी नेमली होती. त्यात एका मुस्लिम अधिकाऱ्याच्या बुटांत डुकराचं मांस ठेवल्याचं लिहिलंय. एका शीख अधिकाऱ्याची दाढी कापल्याचं लिहिलंय. पण माझ्या मुलीचं बोट थांबलं ते दुसऱ्याच ओळींवर. कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांवर शिस्तभंगाचे आरोप होण्याची शक्यता गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा 81 टक्के जास्त. आणि प्रोबेशनवरच्यांना काढून टाकण्याची जी प्रक्रिया आहे, ती कृष्णवर्णीय आणि आशियाई उमेदवारांवर गोऱ्यांच्या तुलनेत दुपटीहून जास्त वेळा लागू झाली. म्हणजे पुढच्या दारानं पत्रकं वाटून मुलं आत घ्यायची आणि मागच्या दारानं तीच मुलं बाहेर काढायची. "आई, म्हणजे माझी नोंद उगाच नव्हती होत," ती म्हणाली. तिच्या आवाजात रागापेक्षा सुटका जास्त होती. दोन वर्षं तिला वाटत होतं की आपल्यातच काही कमी आहे.

मी पोलिसांच्या विरोधात हे लिहीत नाही. तिच्या ठाण्यात एक गोरी सार्जंट होती, जी दर पाळीनंतर तिला चहाला बसवायची. ती बदलून गेली नसती तर माझी मुलगी आजही नोकरीत असती, असं मला वाटतं. टिकवणं म्हणजे बहुतेक वेळा एवढंच असतं: वरच्या जागेवरचं एक माणूस, जे विचारतं आणि ऐकून घेतं. प्रश्न असा की वरच्या जागांवर आपली माणसं पोचतात किती? नॉरवेल रॉबर्ट्स 1967 मध्ये लंडनला भरती झाले, आधुनिक काळातले तिथले पहिले कृष्णवर्णीय पोलीस. सहकाऱ्यांचा छळ सोसून 30 वर्षं राहिले. त्यानंतर एखाद्या कृष्णवर्णीय माणसानं चीफ कॉन्स्टेबल व्हायला 2004 साल लागलं, केंटमध्ये मायकेल फुलर. नील बासू, वडील बंगाली डॉक्टर, आई वेल्सची परिचारिका, देशाच्या दहशतवादविरोधी पोलिसांचे प्रमुख झाले. ही नावं मोजता येतात, इथेच सगळं आलं.

"मग आरक्षण द्या" असं म्हणावं तर इथल्या कायद्यात ते नाही. 2010 च्या समानता कायद्यानुसार दोन उमेदवार सर्व बाबतींत सारखे असतील तरच कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटातल्याला पसंती देता येते. चेशायरमध्ये पोलिसांनी 127 उमेदवार सरसकट सारखे मानले, तेव्हा 2019 मध्ये न्यायाधिकरणानं ते बेकायदा ठरवलं. म्हणून कुणी तुमच्या मुलाला "आकड्यासाठी घेतलाय" म्हणालं तर त्याला कायदाच माहीत नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

आरक्षणासारखी गोष्ट याच देशात एकदाच झाली, उत्तर आयर्लंडमध्ये. वंशाचा नाही, पंथाचा प्रश्न होता, पण आपल्याला शिकण्यासारखं तिथे सगळ्यात जास्त आहे. लोकसंख्येत 40 टक्क्यांहून जास्त कॅथलिक, पोलिसांत जेमतेम 8 टक्के. 1999 च्या पॅटन अहवालानंतर दलाचं नाव बदललं, चिन्ह बदललं, आणि 2001 पासून दहा वर्षं नव्या भरतीत निम्मे कॅथलिक आणि निम्मे इतर असा नियम ठेवला. 2011 पर्यंत प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास गेलं. नियम संपला, आणि ते तिथेच कुठेतरी अडकून राहिलं.

पण नुसत्या नियमानं हे झालं नाही. गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही तिथल्या कॅथलिक समाजाची गावोगावची खेळसंस्था. आपल्या मंडळांपेक्षा कितीतरी पसरलेली, पण स्वभाव तोच: भाषा, परंपरा, पोरंबाळं, रविवार. तिच्या घटनेत जुनं कलम होतं की पोलिसांना सभासद होता येणार नाही. नोव्हेंबर 2001 मध्ये त्यांनी ते कलम रद्द केलं. सरकारनं आपलं दार उघडलं, समाजानं आपलं. मग 2 एप्रिल 2011 ला ओमा गावात रोनन कर या 25 वर्षांच्या कॅथलिक कॉन्स्टेबलच्या गाडीखाली बाँब लावून आयरिश बंडखोरांनी त्याला मारलं. कॅथलिक मुलांनी पोलिसात जाऊ नये म्हणून मारलं. त्याच्या आईनं जाहीर आवाहन केलं: कॅथलिक मुलांनी यामुळे मागे हटू नये. त्याच्या अंत्ययात्रेत पोलीस आणि त्या खेळसंस्थेची माणसं शेजारी शेजारी उभी होती, दोघांनी मिळून खांदा दिला. मी त्या बाईंचा विचार पुष्कळदा करते. माझी मुलगी जिवंत आहे, सुखरूप आहे, आणि मी तिला फक्त "दुर्लक्ष कर" म्हणू शकले.

तर मंडळांकडे माझं मागणं असं. पुढच्या वेळी भरतीचं टेबल मागायला पोलीस आले, तर जागा जरूर द्या, पण आधी त्यांना विचारा की गेल्या पाच वर्षांत तुमच्याकडे आलेले आशियाई आणि कृष्णवर्णीय किती, त्यातले आज किती आहेत. प्रोबेशनमध्ये गेले किती. सोडताना किती जणांची मुलाखत घेतली आणि त्यातून काय बदललं. शिस्तभंगाच्या नोंदी कुणावर किती. उत्तर नसेल तर माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. या देशात तो कायदा 2000 साली झाला आहे, 20 कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि अर्ज करायला वकील लागत नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून उभं आहे. एवढ्या जुन्या संस्थेनं सहीशिक्क्यानं विचारलेला प्रश्न टेबलाखाली सरकवता येत नाही.

आणखी एक, जे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसतं. तुम्ही भारतीय नागरिक असाल, वर्क व्हिसावर असाल, तरी राष्ट्रकुल देशाचे नागरिक म्हणून तुम्हाला इथे मतदान करता येतं, अगदी संसदेसाठीसुद्धा. म्हणजे तुमच्या भागाचे खासदार तुमचेही खासदार आहेत. त्यांना पत्र लिहा. पोलिसात भरती व्हायला मात्र ब्रिटिश नागरिकत्व किंवा इथे कायम राहण्याची परवानगी लागते, त्यामुळे नव्यानं आलेल्यांना थांबावं लागेल. ज्यांची मुलं इथेच वाढली, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे: स्पेशल कॉन्स्टेबल. नोकरी सांभाळून महिन्याचे काही तास, पगार नाही, पण अधिकार पूर्ण पोलिसाचे. आत काय आहे ते पाहून मग ठरवता येतं. माझ्या मुलीनं आधी हे केलं असतं तर बरं झालं असतं, असं ती स्वतः म्हणते.

आणि जी मुलं आज आत आहेत, त्यांना शोधा. कुठल्याशा गावात एकटा मराठी कॉन्स्टेबल दिवाळीच्या रात्री पाळी करत असेल. त्याला सत्काराला बोलावू नका, शाल-श्रीफळाचा त्याला उपयोग नाही. जेवायला बोलावा. आणि तो बोलायला लागला की मध्येच "दुर्लक्ष कर" म्हणू नका. तक्रार करायची असेल तर कागद लिहायला बसा त्याच्याबरोबर, पोलीस फेडरेशन या पोलिसांच्याच संघटनेच्या प्रतिनिधीकडे जा, नॅशनल ब्लॅक पोलीस असोसिएशनला फोन करायला सांगा. ती संघटना आशियाई अधिकाऱ्यांचीही आहे.

आमच्या मंडळातल्या एका मुलानं, वय 21, गेल्या महिन्यात अर्ज केलाय. त्याची आई माझ्याकडे रडत आली होती. मी तिला घरात घेतलं आणि माझ्या मुलीला हाक मारली. दोन तास ती त्या मुलाशी बोलली: बीपच्या तालावर धावण्याच्या चाचणीत 5.4 पर्यंत, म्हणजे पाचव्या पातळीच्या चौथ्या फेरीपर्यंत, पोचावं लागतं, त्याची तयारी कशी करायची, पाळीनंतर झोप कशी काढायची, पहिल्या दिवसापासून वहीत तारखेसकट काय काय लिहून ठेवायचं. निघताना त्यानं तिला विचारलं, "ताई, तू परत जाशील का?" ती म्हणाली, "त्यांनी मला का गेलीस हे विचारलं, तर सांगेन."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी ती आमच्या हॉलमध्ये मुलांशी बोलणार आहे. आईबाबांनीही बसायचं आहे. स्थानिक पोलीस प्रमुखांना निमंत्रण गेलंय, खुर्ची ठेवलेली आहे.

आपली,
एका माजी कॉन्स्टेबलची आई